उपाशीपोटी २२९

५ जानेवारी, गुरुवार

पुन्हा बसला!

हा सहावा केक. कडेने झकास फुगलेला आणि मधोमध खड्डा. ओव्हनमधून काढला तेव्हा बरा होता, जाळीवर ठेवला आणि दोन मिनिटांत मान टाकली. साहित्य तेच, माप तेच, भांडं तेच. मैदा तीनदा चाळला. आता फक्त मलाच चाळणीतून काढायचं राहिलंय.

आईंचं म्हणणं, मी सारखं ओव्हनचं दार उघडून बघते म्हणून होतं. आई म्हणजे सासूबाई. माझी आई असती तर आधी एक तुकडा खाल्ला असता आणि मग दोष काढला असता. यांनी दोष काढला आणि मग दोन तुकडे खाल्ले. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून खड्ड्याची पाहणी केली आणि म्हणाले, उलट बरं, यात क्रीम जास्त मावेल. शाळेत चित्रकला शिकवतात, त्यामुळे प्रत्येक चुकीची नक्षी करायची सवय. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी त्यांना मास्तरच म्हणते आणि ते मला सिस्टर.

२१ तारखेला, शनिवारी, सकाळी आठ वाजता कॅफेवालीकडे दहा स्पंज पोचवायचेत. चाचणी! आवडले तर रोज दहा. नाही आवडले तर ओव्हन विकून टाकणार. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहून ठेवते.

बावीस वर्षं वॉर्डात काढली. इंजेक्शनला माझी ड्यूटी लागेपर्यंत थांबणारे पेशंट होते. ‘सिस्टर, तुमच्या हाताला गुण आहे’ – किती जणांनी म्हटलं असेल. पाठीने दगा दिला म्हणून तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. हात तर सोबत घेऊन आले होते ना? की तोही गेला? केक बसल्याचं एवढं नाही, हे टोचतंय.


६ जानेवारी

आज केक बसला नाही. आज केलाच नाही.


८ जानेवारी, रविवार

आज एक शोध लागला. ओव्हन तापला की त्याचा लाल दिवा विझतो. नवा होता तेव्हा बारा मिनिटांत विझायचा – मला पक्कं आठवतंय, कारण बारा मिनिटांत माझी अंडी फेटून व्हायची. आज ड्यूटीचं जुनं घड्याळ ओट्यावर ठेवून मोजलं. एकवीस मिनिटं! शिवाय मध्येच मिक्सर लावला तर खोलीतला दिवा पिवळा पडतो, जणू त्यालाही भूक लागली.

मास्तरांना सांगितलं. म्हणाले, ओव्हन म्हातारा झाला. मी म्हटलं, तीन वर्षांत? मग वायरिंग बघा. झालं! वायरिंग म्हटलं की स्वारीच्या अंगात येतं. ओव्हन आहे ती मागची खोली बांधली त्याला अकरा वर्षं झाली. तिचं वायरिंग यांनी स्वतः केलं, कुणा वायरमनला उंबरा ओलांडू दिला नाही. पाइप फूटपट्टीने आखून बसवलेत, कुठे एक रेषा वाकडी नाही. येईल जाईल त्याला दाखवतात. ‘सहा इंचांवर एक क्लिप, मोजून घ्या.’ पाहुणे बिचारे मोजतात! मग हे अंगठा पुढे करतात – वायर सोलताना सुरी लागली त्याची खूण. ती खूण म्हणजे यांचं पदक.

मला त्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही. रात्रपाळी करून आले होते. स्टूल धरून उभी होते आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत होते. अंगठा कापला तेव्हा तेवढी जागी झाले. तीन टाक्यांचा घाव होता, पण टाके घ्यायला जाईनात, म्हणून मीच घट्ट बांधला. व्रण बघा, किती बारीक राहिलाय.

आईंचं मात्र बरं चाललंय. ओव्हन लागला की त्या आपल्या खोलीत कपाटाशेजारी खुर्ची ओढतात आणि भिंतीला पाठ टेकून पेपर वाचतात. म्हणतात, या घरात या भिंतीलाच काय ती ऊब आहे, बाकी कुणाला माझी पडलेली नाही.


९ जानेवारी, सोमवार

शेजारच्यांचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला एक बाई आल्या होत्या. बाई! खांद्याला पिशवी, कानामागे टेस्टर, वय असेल पस्तिशीचं. मी कुंपणावरून विचारलं, तुम्ही वायरमन का? म्हणाल्या, ‘वायरमनबाई म्हणा ताई, सगळे तसंच म्हणतात.’ मला एकदम आवडल्या.

केकची कर्मकथा सांगितली. त्या हसल्या नाहीत, हे विशेष. प्रश्न मात्र डॉक्टरांसारखे विचारले – कधीपासून, किती वेळ, सोबत आणखी काय चालू असतं. मग म्हणाल्या, वायर बारीक असली, लांब असली किंवा वाटेत एखादा जोड खराब असला, तर जास्त करंट ओढल्यावर शेवटच्या प्लगाला व्होल्ट कमी मिळतात. मी म्हटलं, म्हणजे सलाइनसारखं! बाटली कितीही उंच टांगा, सुई बारीक किंवा नळी कुठे मुडपलेली, की पेशंटपर्यंत थेंब थेंबच. त्या म्हणाल्या, बरोब्बर. आणि व्होल्ट दहा टक्के घसरले की ओव्हनची ताकद जवळपास वीस टक्के घसरते, दुपटीने मार बसतो. माझा केक कसा उभा राहणार?

त्यांच्याकडे आठवडाभर नव्या इमारतीचं काम आहे. पण प्लगात खोचायचा एक छोटा मीटर देऊन गेल्या. लाल आकडे दिसतात, हात लावायचं काही काम नाही. ‘आधी सगळं बंद ठेवून आकडा घ्या. मग ओव्हन लावून घ्या.’

कळलं की! एक उपाशीपोटी, एक जेवल्यावर. साखरेची तपासणीच ती.


१० जानेवारी, मंगळवार

चार्ट केला. जुन्या सवयीने लाल शाईने रेघा मारल्या, ओट्याच्या वर टांगला.

मागची खोली. उपाशीपोटी २२९. ओव्हन लावल्यावर २०८.

एकवीस व्होल्ट गेले! घरातल्या घरात! आईंना चार्ट दाखवला. त्या म्हणाल्या, माझी साखर लिहिताना कधी एवढी हौस केली नाहीस.


११ जानेवारी, बुधवार

मास्तरांचा मुद्दा – वीज वरूनच कमी येते, सगळ्या गल्लीत तसंच असणार. ठीक. ओव्हन चालू ठेवला आणि मीटर घेऊन स्वयंपाकघरात गेले. २२६. मीटर त्यांच्या नाकासमोर धरला. चष्मा कपाळावरून खाली आला, परत वर गेला. मग म्हणाले, मला वह्या तपासायच्यात.

चित्रांच्या वह्या. त्यात तपासायचं काय असतं देव जाणे.


१२ जानेवारी, गुरुवार

आज ओव्हन स्वयंपाकघरात आणला. उचलताना पाठ कळवळली, पण जिद्द! तिथला मोठा प्लग पाणी तापवायच्या हीटरचा, त्यामुळे सकाळपासून कुणालाच आंघोळ नाही. ओव्हन जेवायच्या टेबलावर, टेबल दारात, त्यामुळे आत आहे तो आत आणि बाहेर आहे तो बाहेर. आईंनी खिडकीतून चहा घेतला. मास्तर बिनआंघोळीचे शाळेत गेले आणि जाताना म्हणाले, विज्ञानासाठी काहीही.

लाल दिवा बारा मिनिटांत विझला.

केक काढला. जाळीवर ठेवला. दोन मिनिटं. पाच मिनिटं. दहा. मी स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होते. बसला नाही! वरून दाबला तर बोट परत वर आलं.

मी रडले. एवढीशी गोष्ट, पण रडले. हात गेला नव्हता. माझा हात आहे तिथेच आहे, चोर कुणी दुसराच आहे. आईंनी खिडकीतून विचारलं, काय झालं ग, भाजलं का? मी म्हटलं, नाही हो, बरं झालं.


१३ जानेवारी, शुक्रवार

ओव्हन परत जागेवर. रोज असा संसार दारात मांडता येणार नाही, आणि दहा स्पंजांना तर सगळी सकाळ लागेल.

चोराचा माग काढला. वायर हॉलमधल्या मेन बोर्डावरून निघते, आईंच्या खोलीतून जाते आणि मागच्या खोलीत पोचते. आईंच्या खोलीतल्या प्लगालाही तीच पुरवते. तिथे मीटर लावला – ओव्हन चालू असताना २२२. पलीकडे, भिंतीच्या मागे, २०४. काल-परवा २०८ होते, आज २०४! म्हणजे आजार वाढतोय. आणि व्होल्ट गायब होतात ते नेमके आईंच्या खोलीत. मी तसं जाहीर केलं. आई पेपरमधून मान वर न काढता म्हणाल्या, म्हणजे आता मी व्होल्ट खाते म्हण.

मास्तरांना कागदावर काढून दाखवलं. चित्र बघितल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, आईच्या कपाटामागे एक बॉक्स आहे, तिथे वायर जोडलीय, विकत आणलेली थोडी कमी पडली होती. मी म्हटलं, मग उघडा! तर म्हणाले, ‘मी बघतो. तू नको त्यात पडू.’

आता यात एवढं काय? मला माहीत आहे काय ते. पदकाला धक्का लागेल! फूटपट्टीने आखलेल्या वायरिंगमध्ये जोड निघाला तर पाहुण्यांना काय सांगणार. मी सरळ वायरमनबाईंना फोन केला. २०४ ऐकून त्यांनी आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाल्या, रविवारी सकाळी येते, तोवर ओव्हन लावू नका.


१४ जानेवारी

ओव्हन बंद. आई म्हणाल्या, आज भिंतसुद्धा गार पडलीय, पायात मोजे दे.

चाचणीला सात दिवस. एका ओळखीच्या बाईंना द्यायचा साधा केक होता तो परवा स्वयंपाकघरात केला त्यातलाच दिला. खोक्याला चिकटपट्टी लावली आणि टोक दुमडलं. मास्तरांनी बघून नेहमीची चेष्टा केली – हिने गाठोडं बांधलं तरी त्याचं टोक दुमडेल. दुमडणारच. पट्टी काढताना नख लावत बसावं लागलं की पेशंट कळवळतो, म्हणून पहिल्याच वर्षी मोठ्या सिस्टरांनी शिकवलं होतं. वॉर्ड सुटला, सवय सुटली नाही.


१५ जानेवारी, रविवार

कुठून सुरुवात करू?

वायरमनबाई दहाला आल्या. वीस मिनिटं ओव्हन लावा म्हणाल्या, मला आकडे बघायचेत. लावला. ओव्हनचा आवाज ऐकून आई सवयीने उठल्या, कपाटाशेजारी खुर्ची ओढली, भिंतीला पाठ टेकली, पेपर उघडला. वायरमनबाई मीटर घेऊन त्या खोलीत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

‘आजी, तुम्ही तिथे का बसता?’

‘ऊब असते ग इथे. गुडघ्यांना नाही, पण पाठीला बरं वाटतं.’

‘रोज असते?’

‘ओव्हन लागला की असते. या महिन्यात जास्तच.’

वायरमनबाईंनी आईंच्या खांद्यामागे हात घातला, भिंतीला तळवा लावला. वळल्या, हॉलमध्ये गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. सगळं घर एकदम गप्प झालं. फ्रिजसुद्धा.

मग म्हणाल्या, ‘ताई, वीज वाटेत हरवत नाही. जिथे अडते तिथे तापते.’

मला समजायला अर्धं मिनिट लागलं. आठवडाभर मी लाल शाईने लिहीत होते – एकवीस गेले, पंचवीस गेले. कुठे गेले हे विचारलंच नाही! ते आईंच्या पाठीमागे होते. भिंतीच्या आत, कपाटाच्या आड, मोठा दिवा पेटता ठेवावा तेवढी उष्णता. वर कपाटात आईंच्या साड्या आणि जुनी वर्तमानपत्रं. आई समोर पेपर वाचत होत्या.

मास्तर आणि वायरमनबाई कपाट सरकवायला लागले. आईंचा चेहरा पांढरा झाला होता, म्हणून मी त्यांना बाहेर अंगणात नेलं. पाणी दिलं, नाडी बघितली. एकशे दहा. माझी मोजली नाही. बाहेर बसूनही आतलं ऐकू येत होतं. बॉक्सचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग वायरमनबाई म्हणाल्या, ‘हा जोड कुणी दिलाय, सर?’

‘मी,’ मास्तर म्हणाले. ‘सगळं काम माझंच आहे.’

त्यानंतर बाईंनी त्यांची जी शाळा घेतली! वायरीला पीळ धड नाही, दोन वायरी नुसत्या एकमेकींवर टेकवल्यासारख्या, वर गुंडाळलंय ते वीजकामाचं नाहीच, मुळात वायर इस्त्रीपुरतीच जाडीची आणि तिच्यावर ओव्हन. पाइप सरळ बसवलेत सर, पण वीज पाइप बघत नाही. मास्तर मधूनमधून ‘हो’ म्हणत होते. बाकावर उभं केलेल्या पोरासारखा आवाज.

आत गेले तेव्हा बॉक्स रिकामा होता. आतून काळा, कडा वितळलेल्या. भिंतीवर हाताएवढा काळा डाग. मी म्हटलं, तो जोड बघू. मास्तरांनी रुमाल खिशात घातला आणि म्हणाले, टाकून दिला, काय बघायचंय.


१६ जानेवारी, सोमवार

मी बोलत नाही त्यांच्याशी. राग येतोय आणि तो चांगलाच येतोय. चेष्टा वेगळी आणि हे वेगळं. आई रोज तिथे बसत होत्या! ओव्हन मी लावत होते, म्हणजे हातभार माझाही, हेच सहन होत नाही. आई मात्र आता सावरल्यात आणि येईल त्याला सांगतायत की पोटच्या पोराने मला भाजायला घातलं होतं.

दुपारी मी बोललेच. म्हटलं, ‘तुमच्या हातांना गुण नाही. सरळ रेघा मारा, पण घराला हात लावू नका.’

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. अंगठा चोळला. म्हणाले, ‘नसेल.’

एवढंच. भांडलेही नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.


१७ जानेवारी, मंगळवार

वायरमनबाईंनी नवीन वायर ओढली. जाड. मेन बोर्डापासून थेट ओव्हनच्या प्लगापर्यंत अखंड, मध्ये एकही जोड नाही, तिचा स्विचही वेगळा. मास्तरांनी पाइप धरून दिले. सुरुवातीला बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. पण पाइपाला क्लिपा सहा इंचांवर हव्यात म्हणून ते हटून बसले, तेव्हा त्यांनाही हसू आलं.

मागची खोली. उपाशीपोटी २२९. जेवल्यावर २२५!

चार व्होल्ट चालतात म्हणाल्या, लांब वायरीत तेवढे जायचेच. माणसाचीही साखर जेवल्यावर थोडी हलते. बारा मिनिटांत दिवा विझला. केक उभा.

मी मास्तरांना केक दिला. बोलले नाही, पण दिला. त्यांनी खाल्ला आणि म्हणाले, आता क्रीम मावणार नाही.

हसले मी. काय करणार!


१९ जानेवारी

सहा केले. सहा उभे. आईंची तक्रार – भिंत गार. गरम पाण्याची पिशवी दिली तर म्हणतात, हिला भिंतीची सर नाही.


२१ जानेवारी, शनिवार

पास!!

पावणेआठला आम्ही दोघं कॅफेच्या दारात. पाच खोकी मास्तरांच्या हातात, पाच माझ्या. कॅफेवालीने एक खोकं उघडलं, केक आडवा कापला, बोटाने दाबला, वास घेतला. मी वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला यायचे तेव्हा उभी राहायचे तशी उभी. तिने एक घास खाल्ला आणि विचारलं, सोमवारपासून जमेल? जमेल म्हणजे काय!

मग म्हणाली, केक तर छान आहेच, पण मला खोक्याची पट्टीसुद्धा आवडली. टोक दुमडलंय ना, एका हाताने निघते. आमच्याकडे सकाळी दोन्ही हात मोकळे कुणाला असतात? मास्तर माझ्याकडे बघून हसले. मीही फुगले.

आनंदात माणूस जास्त बोलतं. मी तिला सगळी हकीकत सांगितली – खड्डे, मीटर, आईंची भिंत, आणि यांचा तो ऐतिहासिक जोड. नक्कल करून सांगितली! फूटपट्टी, क्लिपा, पदक, सगळं. कॅफेतली माणसं हसून हसून बेजार. मास्तरही हसले. कुणीतरी म्हणालं, सर, अंगठा दाखवा. त्यांनी दाखवला.

येताना म्हणाले, ‘सिस्टर, हाताला गुण आहे बरं तुमच्या.’

रस्त्यात. मोठ्याने. मला लाजच वाटली.


२४ जानेवारी

रोज दहा. पाठ बोलते आहे, पण तक्रार करत नाही. ओव्हन विकायचा होता म्हणे!


२९ जानेवारी, रविवार

आईंच्या दिव्याचा स्क्रू ढिला झाला होता. मास्तर बाहेर गेलेले. स्क्रूड्रायव्हर शोधायला त्यांचा रंगांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. तळाशी रुमाल. रुमालात तो जळका जोड.

वर दवाखान्यातली कापडी चिकटपट्टी. अर्धी करपून काळी, अर्धी अजून पांढरी. पांढऱ्या बाजूचं टोक दुमडलेलं.

त्यांचा अंगठा कापला होता. पीळ देता येईना. मी आधी अंगठा बांधला आणि उरलेल्या पट्टीने वायर.

अंगठा बरा झाला.